१९५६ चा बिल्ला, १९५९ चा झेंडा

नोकरीनिमित्त लाइपझिगला आल्यापासून मला जर्मन विद्यापीठांचे जुने कापडी क्रीडा-बिल्ले जमवण्याचा नाद लागला आहे. १९५० साली याच शहरात सुरू झालेल्या आणि एकीकरणानंतर बंद पडलेल्या ‘डॉयचे होखशूले फ्यूर क्योर्परकुल्टुअर’ या पूर्व जर्मनीच्या क्रीडा महाविद्यालयाचे, म्हणजेच डीएचएफकेचे, बिल्ले मला विशेष प्रिय आहेत, आणि नेमका तिथेच मी फसलो.

गेल्या हिवाळ्यात एका विक्रेत्याने काचेच्या चौकटीत बसवलेला असा एक बिल्ला १८० युरोंना विकायला काढला. आपल्या आजोबांनी १९५६ च्या लाइपझिग क्रीडामहोत्सवात घातलेल्या जाकिटावरून तो उसवून काढल्याचे त्याने लिहिले होते. मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले, तेव्हा ‘चौकट उघडली तर कापड फाटेल’ असे उत्तर आले, आणि मला ते पटले. वर्णन इतके घरगुती होते की संशय घेणे मलाच अशिष्टपणाचे वाटले. दलाली वाचावी म्हणून पैसे ऑनलाइन सेवेतल्या ‘मित्र व नातेवाईक’ या पर्यायाने पाठवण्याची त्याची विनंतीही मी मान्य केली. या पर्यायात खरेदीदाराला कोणतेही संरक्षण मिळत नाही, हे मला ठाऊक असूनही!

पार्सल आल्यावर मी चौकट उघडली. उन्हापावसात वापरलेल्या बिल्ल्याची दर्शनी बाजू विटते आणि मागची बाजू तुलनेने गडद राहते. येथे दोन्ही बाजूंना चहात बुडवून काढल्यासारखी एकसारखी पिवळट छटा होती. जाकिटावरून उसवलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची भोके आणि तुटक्या दोऱ्याचे तुसे राहतात. येथे भिंग लावूनही एक भोक सापडले नाही. अतिनील टॉर्चखाली पांढरा धागा आधुनिक धाग्यासारखा निळसर चमकला, परंतु केवळ त्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, कारण जुने कापड पुढे कधीतरी आधुनिक पावडरीने धुतले असले, तरी ते तसेच चमकते. धागा कृत्रिम असण्यावरूनही काही ठरत नाही. डेडेरॉनसारखे धागे पूर्व जर्मनीतच बनत असत.

निकाल लागला तो बिल्ल्यावरच्या इवल्याशा झेंड्यामुळे. काळ्या-लाल-सोनेरी पट्ट्यांवर हातोडा, कंपास आणि धान्याच्या लोंब्या विणलेल्या होत्या. हे राजचिन्ह १९५५ पासूनचे असल्यामुळे छायाचित्रात ते पाहूनही मला काही खटकले नव्हते. पण पूर्व जर्मनीने ते आपल्या झेंड्यावर आणले १ ऑक्टोबर १९५९ रोजी. त्याआधी दोन्ही जर्मनींचे झेंडे हुबेहूब सारखे होते. १९५६ च्या जाकिटावर हा झेंडा असणे शक्यच नाही.

विक्रेत्याला हे कळवल्यावर ‘आजोबांच्या लक्षात चुकीचे साल राहिले असेल’ असे एक उत्तर आले, आणि त्यानंतर काहीच नाही. साल चुकले असे घटकाभर धरले, तरी सुईची भोके कुठे गेली, हा प्रश्न उरतोच. पैसे पाठवण्याच्या सेवेने आपल्या नियमाकडे बोट दाखवले. पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक तेवढा माझ्याजवळ आहे.

बिल्ला मी परत विकलेला नाही. त्याच्या मागच्या बाजूस न धुतल्या जाणाऱ्या शाईने ‘कोपी’, म्हणजे जर्मनमध्ये ‘नक्कल’, असे लिहून तो खणात ठेवला आहे.