दंडाला बांधायचं बीपी मशीन: वर्षभर वापरून झाल्यावर

आईसाठी हे डिजिटल मशीन घेतलं त्याला परवा वर्ष झालं. मनगटावरचं घेऊ नका, दंडावरचंच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मनगटाचं मशीन हृदयाच्या उंचीला धरलं नाही तर आकडा चुकतो.

पहिले चार दिवस आम्ही घाबरून होतो, कारण वरचा आकडा 150 च्या खाली येईचना. बाबा माहितीपत्रक घेऊन खिडकीपाशी बसले आणि तासाभराने शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आले. आईचा दंड मोजला, 34 सेंटिमीटर भरला. सोबत आलेला पट्टा 22 ते 32 चा. पट्टा तोकडा पडला की आकडा वाढून येतो. मोठा पट्टा वेगळा मागवला तेव्हा आकडा 138 वर उतरला. म्हणून सांगते, मशीन निवडण्याआधी दंड मोजा. ही गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरात असायला हवी होती.

दुसरी तक्रारही पट्ट्याचीच. आईचा उजवा खांदा आखडलेला आहे, त्या हाताने डाव्या दंडावरचा पट्टा ओढून बसवणं तिला जमत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाने याचा आधी विचार करावा. आमच्याकडे ते काम बाबांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं.

रोज सकाळी साडेसहाला ते आईला पाठ टेकवून खुर्चीत बसवतात, पाय जमिनीवर सपाट, हाताखाली उशी. बाही वर सारतात, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर पट्टा येतो की नाही बघतात, मग पट्ट्याखाली बोट घालून तो काचत नाही ना याची खात्री करतात. पाच मिनिटं दोघं गप्प बसतात. मोजताना बोललं तरी आकडा वाढतो, त्यामुळे आईने "अहो, ते बिल..." असं सुरू केलं की बाबा नुसता हात वर करतात. एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. लग्नाला 43 वर्षं झाली. बाबांना आईचं कौतुक करताना मी कधी ऐकलेलं नाही. त्या पाच मिनिटांत मात्र त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

मशीनमध्ये दोन माणसांचे प्रत्येकी 60 आकडे साठतात. बाबांचा त्यावर भरवसा नाही, त्यांची वही आहे. तपासणीच्या दिवशी ती वही मी पहिल्यांदा नीट चाळली. आकड्यांपुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात नोंदी होत्या: "गुडघा दुखला." "रात्री 2 ला उठली, 3.10 ला झोप लागली." "4 ला उठली, गोळी आठवली म्हणून." पानंच्या पानं. आई म्हणायची की तिला झोप नाही आणि हे मात्र निवांत घोरतात. मी ते पान तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावून वाचलं, वही मिटली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहिलं तर आमच्या मशीनचा आकडा चारनेच वेगळा आला, त्यामुळे त्यावर माझा विश्वास बसला आहे. चार सेल वर्षात दोनदा बदलले. सेल उतरले की पट्टा पुरता फुगत नाही, तेव्हा जास्तीचे घरात ठेवा. स्क्रीनच्या मागे दिवा नाही, ही उणीव मला खटकते. पहाटे बाबा टॉर्च धरून आकडा वाचतात, उजेड आईच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून मशीन स्वतःकडे वळवून.

दुसऱ्या माणसाचं बटण वर्षभर कोरंच होतं. गेल्या सोमवारी आईने बाबांना त्याच खुर्चीत बसवलं, टेप आणली आणि दंड मोजला. 29. जुना छोटा पट्टा त्यांना अगदी बरोबर बसतो.