जुन्या पुस्तकाची ‘लवकर मंजुरी’ : माझे ११,२४९ रुपये गेले, तुम्ही सावध व्हा

पॅथफाइंडर, म्हणजे फासे टाकून आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ, खेळणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि रागात लिहितोय. सोलापुरात आम्ही सहा जण आहोत. रविवारी जुळे सोलापुरात एकाच्या घरी फासे पडतात, शुक्रवारी रात्री एका ऑनलाइन मोहिमेत, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या एकाच गोष्टीत. मोहिमेचं नाव घेत नाही, पैसे त्यांनी खाल्लेले नाहीत. पण त्यांच्यावरही माझा राग आहेच.

या खेळाची दुसरी आवृत्ती २०१९ ची. नोव्हेंबर २०२३ पासून सुधारित पुस्तकं येऊ लागली, त्यात जादूच्या आठ जुन्या शाखा गेल्या, अलाइनमेंट (पात्र चांगलं की वाईट, हे ठरवणारी खूण) गेली. माझं पात्र विझार्ड, म्हणजे जादूगार, जुन्या इव्होकेशन शाखेचा, तीन वर्षं वाढवलेला. आमच्या मोहिमेत नियम असा, की जुन्या पुस्तकातलं काही वापरायचं तर संयोजकांची मंजुरी हवी. सप्टेंबरात अर्ज केला. इकडे जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, पाळणे उभे राहिले तरी अर्ज ‘प्रतीक्षेत’च. विचारलं की एकच उत्तर : रांगेत आहे.

गड्ड्याच्याच आठवड्यात मेसेज आला. स्वच्छ मराठी, माझा अर्ज क्रमांक बरोबर. “मी तपासणी गटात आहे, जुन्या पुस्तकांची वेगळी रांग आहे, शुल्क १,८५० रुपये.” क्रमांक बरोबर म्हणून विश्वास बसला. तो क्रमांक महिनाभर आधी मीच चिडून खेळाडूंच्या गटात टाकला होता, हे नंतर आठवलं. अर्जाचा क्रमांक उघड्यावर टाकू नका.

१,८५० दिले. दोन दिवसांनी म्हणाला, पुस्तकांच्या मालकीचा पुरावा लागतो, चार पीडीएफ माझ्याकडून घ्या, ६,४०० रुपये. माझ्याकडे एकच पुस्तक होतं, तेही छापील. ऑफिस सुटल्यावर सात रस्त्यावर चहाच्या गाडीजवळ उभा राहून पैसे पाठवले. पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव आलं, ते एका किराणा दुकानाचं. मी थांबलो. विचारलंही. “खजिनदाराचं खातं आहे,” म्हणाला. आणि मी पिन टाकला. ते नाव आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याहून वाईट पुढचं. पीडीएफ आल्या, मी तिथंच उघडल्या. प्रकाशकाकडून घेतलेल्या पीडीएफवर पानोपानी खरेदीदाराचं नाव आणि ईमेल फिकट अक्षरांत छापलेला असतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. माझ्या फाइलमध्ये त्या जागी पांढरी पट्टी होती. एका पानावर पट्टी जरा वर सरकलेली, खालून अक्षरांच्या शेपट्या डोकावत होत्या. मी झूम करून बघितलं. चोरीची प्रत आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण चार महिने वाट बघितलेल्या माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. मी मूर्ख नाही. एका चादर कारखान्याचे हिशेब बघतो, खोटं बिल हातात आलं की ओळखतो. इथं ओळखलं नाही.

शेवटी २,९९९ ‘परत मिळणारी अनामत’. ती दिली आणि तो गायब. एकूण ११,२४९.

रविवारी मित्राला पीडीएफ दाखवली. तो एवढंच म्हणाला, “काय बे, नियम तर अधिकृत साइटवर फुकट वाचायला मिळतात की.” मिळतात. मलाही माहीत होतं.

बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा.” विषय संपला. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, “रमी का?” मी फासे म्हणालो, मग तर जुगारच ठरला. वीस मिनिटं समजावलं की यात पैसे लावत नाहीत, गोष्ट खेळतात. मग सांगितलं, इथं नाही, तिकडं जा. तिकडं गेलो तर मेसेजच्या प्रिंट आणा, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. बँकेत परत, तर शिक्क्याचे साहेब रजेवर. दोन अर्ध्या रजा आणि एक पूर्ण दिवस गेला. शेवटी एका साहेबांनी मान वर न करता विचारलं, “पुस्तकाला मंजुरी कशाला लागते?” त्या क्षणी मला रडू आलं असतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लगेच. मी लाजेपोटी तिसऱ्या दिवशी केला. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येते; माझ्या वेळी खातं रिकामं होतं. बायकोलाही आठवडाभर सांगितलं नव्हतं. लाजू नका.

संयोजकांना लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर : आम्ही मंजुरीसाठी पैसे घेत नाही. अहो, हे एक वाक्य अर्जाच्या पानावर ठळक लिहिलं असतं तर? तुम्ही बिनपगारी काम करता, मान्य. पण चार महिने माणसाला ना हो ना नाही, म्हणून तर असले लोक तुमच्या दारात बसून वसुली करतात. नकार दिला असता तरी मी नवा विझार्ड बनवला असता.

मंजुरी अजूनही आलेली नाही. आणि काल आमच्या गटातल्या बारावीच्या पोराला नव्या नावाने मेसेज आलाय : जुन्या पुस्तकांची वेगळी रांग आहे, शुल्क १,८५०. त्याने मला विचारून मगच उत्तर दिलं. स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, कोणाला असा मेसेज आला असेल तर मागून घ्या आणि शब्द ताडून बघा.