साडेसहा हजारांचा प्रोजेक्टर : एका उन्हाळ्यानंतर

गुढीपाडव्याला घेतला, आता सप्टेंबर लागलाय. डबा उघडल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होणाऱ्यांचे अभिप्राय वाचून मी हा घेतला होता. म्हणून ठरवलं होतं, आपण लिहायचं ते पुरता वापरून झाल्यावरच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याला काही अर्थ नाही. आडव्या ठेवलेल्या दुधाच्या बरणीसारखा, स्टँडवर १८० अंशांत वरखाली फिरणारा हा पांढरा प्रोजेक्टर एकाच साच्यातून निघतो आणि दहा नावांनी विकला जातो. मला सेलमध्ये ६,४९९ ला पडला.

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा एप्रिलमध्ये संपली, निकाल यायचा होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. हातात आख्खा उन्हाळा आणि शिकवणीचे साठवलेले पैसे. घरात टीव्ही एकच, त्याचा रिमोट आजीकडे. मनात चित्र असं होतं की रात्री खोलीत एकट्याने मोठ्या भिंतीवर जगातले सगळे चांगले सिनेमे पाहायचे. कालनिर्णयवर आई दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनांत मी कोपऱ्यात पेन्सिलीने नोंद ठेवत गेलो. काल मोजलं. एकूण ७१ दिवस वापरला आणि त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले सिनेमे १९. बाकी सगळी गाणी, मॅच आणि शेजारपाजारच्यांच्या फर्माइशी.

डब्यावर ठळक अक्षरांत '४के' आणि '९००० लुमेन' छापलंय. दोन्हीचा अर्थ मला पैसे दिल्यावर कळला. ४के म्हणजे तेवढ्या बारकाव्याचं चित्र तो आत घेतो, दाखवत नाही. आतला पॅनल १२८० बाय ७२० ठिपक्यांचा आहे. ४केमध्ये ३८४० बाय २१६० ठिपके असतात, म्हणजे नऊ ठिपक्यांना मिळून एका ठिपक्याची जागा. जनरलचा डबा डोळ्यांसमोर आणा. लुमेनचंही, म्हणजे उजेडाच्या मापाचंही, तसंच. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात '२०० एएनएसआय' लिहिलेलं सापडलं. पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून काढतात तो हा आकडा. घेताना फक्त हाच पाहा आणि कुठेच दिलेला नसेल तर पुढे चला.

दिवसा हा जवळपास निरुपयोगी आहे. खिडकीला जाड चादर लावली, दाराच्या फटीत पायपुसणं सरकवलं, तरी एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन कुठून ना कुठून आत येतंच. माणसांचे चेहरे राखेसारखे दिसतात. म्हणून दुपारी मी याचं तोंड छताकडे करून, चटईवर उताणं पडून गाणी लावायचो. कल्पना झकास होती, फक्त छताला पंखा आहे हे विसरलो होतो. गायिकेचं अर्धं तोंड छतावर, अर्धं पंख्याच्या पात्यांवर गरगरतंय. पंखा बंद केला की चित्र सुरेख, पण बाहेर ४३-४४ अंश. दोन दिवसांत मी पंख्याच्या बाजूने निर्णय दिला.

आतल्या स्पीकरबद्दल फार लिहीत नाही. बातम्यांपुरता ठीक. एकदा मुद्दाम 'सैराट'ची गाणी लावून पाहिली. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी थेट हॉलिवूडमध्ये जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. इथे त्या सगळ्या व्हायोलिनांचा मिळून एक डास झाला. मग घरातला ब्लूटूथ स्पीकर जोडला. आवाज भरला, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. गाण्यात चालून जातं, संवादात डोकं फिरतं. उपाय ऐंशी रुपयांचा निघाला. साधी ऑक्सची केबल घेतली आणि उशीर संपला. हे आधीच कुणी सांगितलं असतं तर एक आठवडा वाचला असता, म्हणून सांगतोय.

दुसरी अडचण ओटीटीची. प्रोजेक्टरमध्ये ॲप आधीच भरलेली आहेत, पण मोठ्या ॲपांची परवानगी अशा यंत्रांना नसते. एक उघडतच नाही, दुसरं उघडतं पण चित्र धूसर देतं. फोनचा पडदा इकडे टाकायला गेलात तर आवाज येतो आणि चित्र काळं, कारण कॉपीबंदीचं कुलूप. शेवटी मामाकडची जुनी टीव्ही-स्टिक मागून एचडीएमआयला लावली, तेव्हा सगळं सुरळीत झालं. तुमच्याकडे स्टिक नसेल तर तिची किंमत याच्या किमतीत धरा.

आता गच्ची. खरं तर प्रोजेक्टर घेताना गच्ची डोक्यातच नव्हती. उन्हाळ्यात आमची गच्ची आईची असते. कुरडया, सांडगे, शेवया. सहा वाजेपर्यंत पाय ठेवायची सोय नाही. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खोलीत बसणं अशक्य झालं. शेजारचा मित्र म्हणाला, "काय बे, भिंतच पायजे का तुला? चादर बांधू की." चादरींच्या गावात राहून हे मला सुचलं नव्हतं. अर्थात जाड नक्षीची सोलापुरी चादर पडदा म्हणून चालत नाही, तिच्यावरची वेलबुट्टी नायकाच्या गालावर उमटते. आम्ही पांढरी साधी चादर दुहेरी करून शिवून घेतली. एकेरीतून उजेड आरपार जातो आणि चित्र मरतं. कठड्याच्या खांबांना चार हुक ठोकले, खालच्या शिवणीत बांबू घातला. बांबू नसेल तर वाऱ्याने पडदा फुगतो आणि सगळी पात्रं गरोदर दिसतात.

मेच्या मध्यावर इथे सूर्य सातच्या थोडं आधी मावळतो, पण साडेसातच्या आधी लावण्यात अर्थ नाही. त्याआधी गच्चीवर दोनदा पाणी मारायचं. पहिलं पाणी पडताच स्लॅबमधून वाफ निघते, दुसऱ्यानंतर कुठे चटई टाकता येते. वायरचा बोर्ड मात्र खुर्चीवर ठेवा, ओल्या फरशीवर नको. आमच्या बाबांनी त्यावरून एक संध्याकाळ रद्दच केली होती आणि त्यांचं बरोबर होतं. प्रोजेक्टर पडद्यापासून अडीच मीटरवर ठेवला की चित्र सुमारे दोन मीटर रुंद येतं. हौसेने मागे नेऊन चार मीटर रुंद करू नका. रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेत पसरतो. आणि तो सरळ समोर ठेवा. तिरका ठेवून चित्र आपोआप चौकोनी करायची सोय आहे, पण ती ठिपके खाऊन चौकोन करते, आणि इथे मुळात ठिपके किती आहेत ते वर सांगितलंच.

उष्णतेने दोनदा बंद पडला. माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंत वापरा असं आहे, आणि एप्रिलअखेरीस रात्री आठलाही गच्ची त्याच्या आसपास असायची. खालून तापलेली फरशी, आतून दिवा. लोखंडी स्टुलावर, मागची जाळी मोकळी राहील असा ठेवायला लागलो तेव्हापासून बंद पडला नाही. पंख्याचा आवाज येतो, हो. पण आमच्या भागात यंत्रमागांची खडखड लहानपणापासून कानात बसलेली, त्यामुळे ही तक्रार मी करू शकत नाही. शांत कॉलनीत राहणाऱ्यांनी विचार करावा.

पहिल्या दिवशी गच्चीवर आम्ही तिघं होतो. चौथ्या दिवशी चौदा. बाजूच्या गच्चीवरची तेलुगू आजी, तिला आम्ही सगळे अव्वाच म्हणतो, विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन आली. दिवसाच्या विड्या पुऱ्या झाल्या नव्हत्या आणि खाली घरात उकडत होतं. तिला सिनेमा कोणता याच्याशी देणंघेणं नव्हतं, उजेड हवा होता. रात्रीचे प्रसंग आले की ती वैतागायची, गाणं लागलं की हात भराभर चालायचे. तिच्यासाठी एकदा 'मायाबाजार' लावला, १९५७ चा, एन. टी. रामाराव कृष्ण झालेत तो. त्याची २०१० साली रंगवलेली प्रतही आहे, पण मी मूळ काळीपांढरी लावली, आणि हा या परीक्षणातला कामाचा मुद्दा आहे. याचे रंग मुळातच जरा निळसर आणि पांढुरके. काळ्यापांढऱ्या सिनेमात ते लपतं. सेटिंगमध्ये जाऊन रंग 'उबदार' केला की चित्र इतकं छान दिसतं की याची किंमत विसरायला होते. त्या दिवशी आमची आजी टीव्ही सोडून पहिल्यांदा वर आली. भाषा कळत नव्हती. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर वत्सलाहरण!" तिकडची शशिरेखा ती आपली वत्सला. मग अव्वा तेलुगूत, आजी मराठीत, दोघी एकमेकींना पुढची गोष्ट सांगत बसल्या. घटोत्कच येईपर्यंत सूप तसंच पडून होतं.

'सैराट'ही त्याच आठवड्यात गच्चीवर झाला. करमाळा आमच्याच जिल्ह्यातलं, तिथेच तो चित्रित झालाय, त्यामुळे अर्धे प्रेक्षक गोष्टीपेक्षा रस्ते ओळखण्यात गुंतलेले. यंत्राच्या दृष्टीने सांगायचं तर भर उन्हातले प्रसंग उत्तम, अंधारातले वाईट. काळा रंग याला येत नाही, करडा येतो. रात्रीच्या प्रसंगांत कोण कुठे आहे ते अंदाजाने घ्यावं लागलं.

पडद्यामागे कठड्याला टेकून पोरं बसायची, त्यांना सगळं उलटं दिसायचं. त्यावर बाबांनी त्यांच्या गावच्या जत्रेतली तंबूची टॉकीज काढली. तिकिटाला पैसे नसले की पडद्याच्या मागच्या बाजूने बघायचं, डावखुरा नायक आणि उलटी पाटी. बाबा सहसा बोलत नाहीत. टॉवेलच्या कारखान्यातून आले की जेवून झोपतात. त्या रात्री साडेअकरापर्यंत बोलले. सिनेमा कोणता चालू होता ते आठवत नाही. कालनिर्णयवर त्या तारखेला मी फक्त 'बाबा' लिहिलंय.

क्रिकेटबद्दल. आयपीएल यावर मस्त दिसतं, हिरवं मैदान आणि भरपूर उजेड. तोटा एकच, नेटवरचं प्रक्षेपण मागे असतं. समोरच्या घरातल्या डिश टीव्हीवर सिक्स आधी पडतो, आरडाओरडा ऐकू येतो आणि आपला बोलर अजून रनअपच घेतोय. मेमध्ये स्पर्धा आठवडाभर थांबली, आणि ती पुन्हा सुरू झाली त्या सुमारास वळवाने धुमाकूळ घातला होता. २०२५ चा हा उन्हाळा अर्ध्यातच संपला. २५ मेला तर मान्सून कोकणात दाखलच झाला. चादर सोडली, सगळं पुन्हा खोलीत. ३ जूनची फायनल आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत अकरा जणांनी बघितली. कर्नाटक इथून हाकेवर, त्यामुळे गल्लीत बंगळुरूच्या संघाचे चाहते भरपूर. अठराव्या मोसमात पहिला कप आला तेव्हा कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि ऐन जल्लोषात भिंत अंधारली. यंत्र स्टुलावरून पडलं. चाललं पुन्हा. एका कोपऱ्याला चीर आहे, बस्स. मजबुतीला पैकीच्या पैकी.

वीज याला फार लागत नाही, साठेक वॉट. वादळात दिवे गेले की घरच्या इन्व्हर्टरवर सिनेमा आरामात पूर्ण व्हायचा, राउटरही त्यावरच हवा इतकंच.

खरा दोष जुलैमध्ये दिसला. चित्राच्या डाव्या बाजूला खाली करडा डाग. आधी वाटलं भिंतीवर आहे, पुसून पाहिला. मग कळलं की आत धूळ गेलीय. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये भिंगामागचा भाग सीलबंद नसतो, पंखा हवा ओढतो त्याबरोबर सगळं आत. आमच्या हवेत तर धुळीबरोबर सुताचे तंतूही. विकणाऱ्याच्या कस्टमर केअरला चार फोन केले. दर वेळी वेगळा माणूस, प्रत्येकाने बंद करून चालू करायला सांगितलं. वॉरंटी एक वर्षाची आहे, पण धूळ तिच्यात बसत नाही असं शेवटच्याने शांतपणे सांगितलं. यूट्यूबवर उघडून साफ करायचे व्हिडिओ आहेत. सोळा स्क्रू. मी अजून हात लावलेला नाही.

तर घ्यावा का? टीव्हीच्या जागी घेत असाल तर नको. एकट्याने बारकाईने सिनेमा पाहायचा असेल तरीही नको, त्या पैशांत चांगला हेडफोन घ्या आणि लॅपटॉपवर बघा. गच्ची असेल, अंधार असेल, शेजारी बरे असतील तर घ्या. मी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा त्या डागाने खाल्ला, एक डब्यावरच्या नऊ हजारांनी.

आईला मात्र पूर्ण पाच द्यायचेत. चादरीसाठी ठोकलेल्या चार हुकांवर तिने वाळणीच्या दोऱ्या बांधल्यात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या सोडणार नाही असं आताच सांगून ठेवलंय.