आमच्या खळ्यातला नेपोलियन: साडेपाच तासांचा मूकपट, तीन चादरी आणि एक भाड्याचा साऊंड

आधीच सांगतो, मी काही मोठा सिनेमावाला नाही. मूकपट म्हटलं की डोळ्यासमोर यायचं ते काळं-पांढरं, भराभर चालणारी माणसं आणि मागे टिंग टिंग पियानो. पण आबेल गान्स नावाच्या फ्रेंच माणसाचा १९२७ चा 'नेपोलियन' भाचा पुण्याहून घेऊन आला आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तो वेंगुर्ल्याजवळ आमच्या घरी खळ्यात म्हणजे अंगणात रात्रभर बघितला, तर म्हटलं लिहूया, कारण मराठीत ह्या डिस्कबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं.

डिस्क म्हणजे बीएफआय, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, ह्यांनी २०१६ ला काढलेला ब्लू-रे सेट. तीन डिस्क, सिनेमा ३३२ मिनिटांचा, म्हणजे पाच तास बत्तीस मिनिटं, चार अंकांत तोडलेला. घेण्याआधी एक गोष्ट बघा, ब्लू-रेला झोन असतात, इंग्लंडची डिस्क बी झोनची आणि आपला देश येतो सी मध्ये, त्यामुळे घरातल्या साध्या प्लेअरवर ती लागत नाही. आम्ही हे न बघता मागवली, चूक आमचीच. शेवटी भाच्याने कुणाकडून तरी सगळे झोन चालणारा प्लेअर आणला तेव्हा काम झालं.

आता सिनेमा. मी आधी एकट्याने दुपारी लॅपटॉपवर लावून बघितला होता आणि खरं सांगायचं तर चाळीस मिनिटांत पेंग आली. हेडफोन, छोटा स्क्रीन, मधेच फोन. मनात आलं की झालं, हा शंभर वर्षांपूर्वीचा मोठा सिनेमा असेल पण आपल्याच्याने होणार नाही. तोच सिनेमा चार दिवसांनी अंधारात, पंधरा-सोळा माणसांत, मंडपवाल्याकडच्या भाड्याच्या साऊंडवर बघितला तेव्हा पहाटे तीनपर्यंत मी जागचा हललो नाही. त्यामुळे ह्या डिस्कला मार्क द्यायचे तर कशी बघणार ते आधी सांगा. लॅपटॉपवर बघणार असाल तर पाचापैकी दोन, पुढे वाचूपण नका.

आमच्याकडे हे जमलं कारण इथली माणसं रात्रभर बसून बघायला सरावलेली आहेत. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की धयकालो म्हणजे आमचं दशावतारी नाटक, ते पहाटेपर्यंत चालतं. पायपेटी, मृदंग, झांज, आधी गणपती-सरस्वती-संकासुर आणि मग आख्यान. मधे डुलकी काढायची, चहा मारायचा, परत येऊन बसायचं, कुणाचं काही बिघडत नाही, युद्धाचा नाच आला की झोपलेलं पोर पण उठून बसतं. गान्सचा सिनेमा नेमका असाच बांधलाय. मुंबईच्या थेटरातल्या दोन-अडीच तासांच्या मापाने मोजाल तर तो लांबलाय, ताणलाय, जिथे तिथे अति केलंय. धयकाल्याच्या मापाने बघाल तर बरोबर आहे.

सुरुवातच बर्फाच्या गोळ्यांच्या मारामारीने होते. ब्रिएनच्या लष्करी शाळेत पोरगा नेपोलियन, समोर कितीतरी जास्त पोरं, आणि कॅमेरा त्या पोरांच्या मधून धावतोय, गोळे खातोय, फ्रेमवर फ्रेम चढतायत, इतक्या वेगात की तुम्हाला कळत नाही कोण कुणाला मारतंय पण मारामारी जाणवते. पुढे हॉस्टेलात उशांची मारामारी आहे तिथे पडद्याचे चक्क नऊ तुकडे केलेत आणि नऊही ठिकाणी पिसं उडतायत. १९२७! लहान नेपोलियनचं काम केलेला व्लादिमिर रुदेंको हा पोरगा, त्याचे डोळे असे की आमची आत्या जी 'बोलणत नाय तर कळतला कसा' म्हणून कुरकुरत बसली होती ती ह्या पोराचा पाळलेला गरुड बाकीच्यांनी सोडून दिला तेव्हा 'मेल्यांनी सोडल्यानी काय गो' म्हणून मोठ्याने बोलली. आणि भूगोलाच्या तासाचा सीन आहे, मास्तर बेटांबद्दल सांगतायत, आणि सेंट हेलेना ह्या नावापाशी पोरगा थांबतो, बघत राहतो. बस एवढंच. ज्याला पुढचा इतिहास माहीत आहे त्याच्या पोटात गोळा येतो, ज्याला नाही त्याला भाच्याने कानात सांगितलं.

मधे मधे येणाऱ्या संवादाच्या पाट्या इंग्रजीत आहेत, त्या वाचून मालवणीत सांगायचं काम माझ्याकडे. पहिला अर्धा तास लाज वाटली, मग रंगलो. गान्सने बऱ्याच पाट्यांवर 'ऐतिहासिक' असा शिक्का मारून ठेवलाय, म्हणजे हे मी रचलेलं नाही, खरोखर बोललं गेलंय. तो शब्द दहाव्यांदा आला तेव्हा खळ्यातली पोरं माझ्या आधीच ओरडायला लागली, 'ऐतिहासिक!'

मोठ्या नेपोलियनचं काम आल्बेर द्यूदोने. थाटमाट काही नाही, नाक, केस आणि नजर. आमच्याकडे राजा यायचा तर मृदंगावर थाप पडते, राजा गिरकी घेतो, मग बोलतो. हा नुसता उभा राहतो. शेजारचे आबा वैतागले, 'ह्यो राजा मां? मगे मुकुट खंय?' म्हटलं आबा, हा अजून राजा झालेला नाही, ह्या अख्ख्या सिनेमात होत नाही.

आबांचं आणि ह्या सिनेमाचं खरं जुळलं ते वादळात. कोर्सिका ह्या आपल्या बेटावरून पळताना नेपोलियन एका छोट्या होडीत चढतो, शीड नाही म्हणून सोबत आणलेला फ्रान्सचा तिरंगी झेंडा शीड म्हणून बांधतो, आणि समुद्र खवळतो. त्याच वेळी पॅरिसच्या सभागृहात राजकीय गट एकमेकांच्या नरड्यावर उठलेत. गान्स ही दोन वादळं एकात एक विणतो, आणि गर्दीवरून कॅमेरा लंबकासारखा झोके घेतो, खरोखर लटकवून झोकलाय, त्यामुळे ती सभाच लाटेवर चढते आणि उतरते. मला तर पोटात ढवळलं. आबा चाळीस वर्षं मासेमारीला गेलेले, ते म्हणाले, 'ह्या वाऱ्यात शीड असा ताठ ठेवल्यार व्हडी पालथी पडतली.' थोड्या वेळाने हळूच, 'पण लाट बरोबर दाखवल्यान.' मी पण त्यावर काही बोललो नाही.

तुलाँ बंदराच्या वेढ्याचा भाग लांब आहे आणि रात्रीचा, पावसाचा, चिखलाचा. इथे मला मूकपट म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. ढोल वाजवणारे मेलेत, ढोल पडलेत, आणि वरून गारा पडतायत त्या ढोलांवर. वाजतायत! आवाज नसलेल्या सिनेमात ढोल वाजताना दिसतायत आणि तुम्हाला ते ऐकू येतात. आमच्या पत्र्यावर जुलैत पाऊस कसा वाजतो ते ज्याला माहीत आहे त्याला हा सीन समजावून सांगावा लागत नाही.

संगीत कार्ल डेव्हिसचं, १९८० मध्ये लंडनच्या शोसाठी केलेलं, त्याने स्वतःची धून आणि बेथोव्हेन, मोझार्ट, हायडन वगैरे नेपोलियनच्या काळातलं एकत्र बांधलंय. बेथोव्हेनची 'इरोइका' सिंफनी आधी नेपोलियनलाच अर्पण करायची होती आणि तो सम्राट झाला म्हटल्यावर बेथोव्हेनने रागाने नाव खोडलं, तीच इथे वाजते, त्यामुळे गान्स जिथे हिरोची आरती करतो तिथे मागून हे संगीत जरा चिमटा काढतं असं मला वाटलं. ह्यासाठी साऊंड चांगला पाहिजेच. क्रांतिकारकांच्या क्लबात सगळे पहिल्यांदा मार्सेय्येज म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत गातात तो सीन भाड्याच्या बॉक्सवर लागला तेव्हा दोन घरं सोडून कुत्री भुंकायला लागली.

आता जे आवडलं नाही ते. तिसऱ्या अंकात नेपोलियनचं जोसेफिनशी, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोशी, प्रेमप्रकरण सुरू झालं की सिनेमा बसतो. जिना मानेस दिसते छान, पण लाडेलाडे चालतं ते चालतंच राहतं. व्हिओलिन म्हणून एक पोरगी आहे जी नेपोलियनवर मनातल्या मनात प्रेम करते, त्याच्या मूर्तीची पूजा करते, ते तर मला बघवेना. ह्याच अंकात लाईट गेली, अर्धा तास, आणि अर्धी मंडळी 'निजाक जातंय' म्हणून उठली ती आलीच नाहीत, मी त्यांना दोष देणार नाही. एक भाग मात्र धमाल, सरकारी कचेरीत एक कारकून गिलोटिनवर जायच्या लोकांच्या फायली चावून खातो म्हणजे त्यांचा जीव वाचेल. आपल्याकडे हे काम वाळवी करते.

आणि मोठी तक्रार, गान्सला नेपोलियनची भक्तीच आहे. गरुड परत येऊन तोफेवर बसतो, डोक्यामागे उजेड. क्रांती चुकली की वाचवायला एक माणूस आला, हे साडेपाच तास सांगितलं जातं. लढायांत मेलेल्यांचा हिशोब कुठे लागत नाही. गंमत म्हणजे गान्स स्वतः ह्यात सँ-ज्यूस्त झालाय, क्रांतीतला कडक माणूस, आणि तो भारी केलाय. मारा नावाचा क्रांतीतला दुसरा पुढारी झालाय तो आंतोनँ आर्तो, त्याचा तो चेहरा बघून लहान पोरं आईकडे सरकली. इटलीला निघण्याआधी रिकाम्या सभागृहात नेपोलियनला मेलेले सगळे पुढारी भुतं होऊन दिसतात तो सीन मला सगळ्यात आवडला, तिथे तरी त्याला कुणीतरी जाब विचारतं.

आता ज्यासाठी ही डिस्क घ्यायची ते, शेवट. इटलीच्या मोहिमेला गान्सने तीन कॅमेरे एकत्र लावून शूट केलं आणि तीन प्रोजेक्टरवर तीन पडदे शेजारी शेजारी, म्हणजे चित्र एकदम तिप्पट रुंद होतं. रुंद पडद्याचा सिनेमास्कोप यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. घरच्या टीव्हीवर हे बघाल तर वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे एक बारीक रिबन, मोठं व्हायच्या जागी चित्र लहान होतं, म्हणजे गान्सला हवं त्याच्या बरोबर उलटं. भाच्याने आधीच हिशोब केला होता. चित्राची उंची तीच ठेवायची तर प्रोजेक्टर सव्वादोन पट मागे न्यायला लागतो. म्हणून तीन चादरी जोडून लावल्या होत्या आणि साडेचार-पाच तास फक्त मधली वापरली, बाजूच्या दोन का लावल्यात ते कुणाला सांगितलं नव्हतं. चौथ्या अंकात वेळ आली तशी पॉज करून टेबल उचलून तुळशीच्या पलीकडे नेलं. उजेड पाचपट कमी होतो हे लक्षात ठेवा, आम्ही पडवीतला, देवासमोरचा सोडून, एकूण एक दिवा बंद केला.

आणि मग ते उघडलं. एका चादरीवरून तिन्हीवर. सैन्य ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणीतरी 'आयशप्पत' म्हणालं. चित्रांचे सांधे दिसतात, कुठे कुठे जुळत नाहीत, कुणाला पडलीय. शेवटी डावीकडचं निळं, मधलं पांढरं, उजवीकडचं लाल होतं, होडीतला तो शिडाचा झेंडाच पडदा होऊन बसतो. जागे होते सहा जण आणि सहाही उभे राहिले होते, का ते विचारू नका.

हे आज बघायला मिळतंय ते केव्हिन ब्राउनलो ह्या इंग्रज माणसामुळे. त्याला शाळकरी वयात, १९५४ ला, ह्या सिनेमाची ९.५ मिलिमीटरची दोन रिळं मिळाली आणि तो आयुष्यभर बाकीचे तुकडे जमवत बसला. १९७९ ला अमेरिकेत टेल्युराइडच्या फिल्म महोत्सवात उघड्यावर शो झाला तेव्हा गान्स ८९ वर्षांचा, हॉटेलच्या खिडकीतून थंडीत बघत होता. गान्स हा सिनेमा काढत होता त्याच काळात घाटावर कोल्हापूरला बाबूराव पेंटर स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढत होते, त्यातलं किती उरलंय ते विचारलं तर मान खाली घालावी लागते. आता फ्रान्सवाल्यांनी सात तासांची आवृत्ती जुळवलीय, तिचा पहिला भाग २०२४ ला कानच्या फिल्म महोत्सवात दाखवला, ती मी बघितलेली नाही.

डिस्कमध्ये एक्स्ट्रा बरंच आहे, त्यात शेवटच्या भागाची डावी, मधली, उजवी अशी तिन्ही चित्रं वेगवेगळी पूर्ण आकारात दिलीत, म्हणजे तीन टीव्ही जोडून एकदम चालू करता आले तर घरातच तिहेरी पडदा. वाडीत टीव्ही मिळतील, प्लेअर एकच आहे.

अशी बघितलीत तर पाचापैकी साडेचार. अर्धा जोसेफिनसाठी कापला.

चादरी काढताना आबांनी विचारलं, 'पुढचो भाग कधी?' गान्सला असे सहा सिनेमे करायचे होते, सगळे पैसे ह्या एकावर गेले आणि गोष्ट १७९६ लाच थांबली. सेंट हेलेनाच्या शेवटच्या भागाची स्क्रिप्ट त्याने विकली, त्यावर जर्मनीत दुसऱ्याने सिनेमा काढला. हे सगळं सांगितलं आबांना. ते म्हणाले, 'म्हणजे त्या बेटार तो गेलोच नाय,' आणि बॅटरी घेऊन घरी गेले.