गाथेची शब्दार्थांसह प्रत : तुकोबा आहेत, वाणी मात्र नाही

तुकोबांच्या गाथेची शब्दार्थांसह छापलेली एक जाडजूड प्रत अलीकडेच विकत घेतली. देहूच्या ज्या घरात वाणीपणा आणि महाजनकी (बाजारपेठेच्या देखरेखीचे वतन) पिढीजात चालत आली, त्या घरातल्या कवीच्या तोंडी देण्याघेण्याची भाषा कशी येते, हे एकदा सलग वाचावे, असा हेतू होता. अभंगांची छपाई स्वच्छ आहे, टंक मोठा आहे आणि शेवटी पहिल्या ओळींची वर्णानुक्रमे सूची असल्यामुळे हवा तो अभंग चटकन सापडतो.

तक्रार आहे ती शब्दार्थांबद्दल. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ या अभंगाखाली ‘दिवाळें’ याचा अर्थ ‘प्रपंचाविषयी विरक्ती’ असा छापला आहे. विरक्ती हा दिवाळ्याचा परिणाम झाला. तोच अर्थ म्हणून दिला की अभंगातली सगळी धग निघून जाते. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात या माणसाचा धंदा खरोखरच बुडाला होता आणि ‘वेवसाय देख तुटी येतां’ लाज वाटली, हे त्याने दुसऱ्या अभंगात स्वतःच सांगितले आहे. पहिल्या अभंगात धन गेले, गुरेढोरे गेली, जगात अपमान झाला, अशी नुकसानीची कलमे एकाखाली एक येतात आणि प्रत्येक कलमाआधी ‘बरें’ हा शब्द येतो. खर्ची पडलेले सारे तुकोबा जमेच्या बाजूला मांडत जातात. हा हिशेब वाण्यालाच सुचावा असा आहे, आणि टीपकारांनी नेमका तोच पुसला आहे.

‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’ येथे मात्र टीपकारांनी व्यवहार हा व्यवहारच ठेवला आहे, कदाचित उपदेशाला तो सोयीचा असल्यामुळे. ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ या अभंगाला तर एकही टीप नाही. तिथे ‘शब्दें वाटूं धन जनलोकां’ असे म्हणणारा कवी कर्ज देत नाही, वाटतो. मुद्दल, व्याज, वसुली यांचे नावही काढत नाही. लोकांना दिलेल्या कर्जांची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट प्रस्तावनेत दोन ओळींत उरकली आहे, आणि त्याच नदीतून गाथा तरून वर आल्याच्या चमत्काराला मात्र चार पाने दिली आहेत. खते वर आली नाहीत, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

नित्यपाठासाठी प्रत हवी असेल, तर ही खुशाल घ्यावी. अभ्यासासाठी मात्र शासकीय गाथा, म्हणजे महाराष्ट्र शासनाने छापलेली प्रत, आणि शेजारी एखादा जुना मराठी शब्दकोश ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल. बांधणीविषयीही सांगायला हवे : पुस्तक पूर्ण उघडले की मधली पाने सुटू लागतात, त्यामुळे घेतल्यावर आधी ते शिवून घ्यावे.