फॅन फिरतोय, डिस्प्ले नाही, "बोर्ड डेड आहे" आणि माझे 9,400 रुपये

गेल्या नोव्हेंबरातला, माझ्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डचा प्रकार आहे. लिहू की नको करत इतके दिवस काढले कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. मी जीएसटीची कामं करते, पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका म्हणून क्लायंटना रोज बजावते आणि मीच एका चिठ्ठीवर 9,400 रुपये मोजून आले. पण परवा आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना त्याच दुकानात त्याच शब्दांत "बोर्ड डेड आहे" सांगितल्याचं कळलं, म्हणून आता लिहितेच.

18 तारखेची सकाळ. बटण दाबलं, फॅन फिरला, कीबोर्डची लाईट एकदा लागून विझली आणि स्क्रीनवर नो सिग्नल. 20 तारीख थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, शेवटची, बारा जणांची रिटर्न बाकी, उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, आणि टॅलीचा, म्हणजे हिशोबाचा, सगळा डेटा त्याच मशीनमध्ये. नेहमीचा रिपेअरवाला मुलगा लग्नाला गावी गेलेला. अशा वेळी माणूस चार दुकानं फिरून चौकशी करत नाही हो, जे उघडं दिसेल तिथे कॅबिनेट घेऊन जातो. मी तेच केलं आणि त्याबद्दल मला कुणी शहाणपण शिकवू नये.

आता जिथे मला कळायला हवं होतं ते सांगते, कारण रात्री झोपताना तेच डोळ्यासमोर येतं. दुकानदाराने काउंटरवरच बाजूचा पत्रा काढला, मॉनिटर जोडला. काही बोर्डांच्या कोपऱ्यात चार बारीक लाईट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं शेजारी लिहिलेलं असतं. त्यातली डीरॅमची, म्हणजे रॅमची (मेमरीच्या पट्टीची), पिवळी लाईट लागून राहिलेली. त्याने दोनपैकी एक रॅम काढली, परत चालू केलं, लाईट विझली आणि स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचा लोगो आला. आला! मी माझ्या डोळ्यांनी बघितला, दोन सेकंद तरी होता. आणि ह्याने झटकन मॉनिटरचं बटण बंद केलं, मागून वायर ओढली आणि म्हणतो, "बघितलं ना मॅडम, शॉर्टिंग आहे. असंच चालू ठेवलं तर हार्डडिस्क पण जाईल."

हार्डडिस्क म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला आणि तो लोगो मी विसरले. लोगो आला म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, डिस्प्ले सगळं जागेवर आहे, मेलेला बोर्ड लोगो दाखवत नाही, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कळू नये? बिघाड होता तो त्याच्या हातातल्या त्या एका रॅममध्ये. कदाचित पाय रबराने पुसून परत बसवली असती तर चालली असती. आता ते कळणार पण नाही, कारण ती रॅम त्याच्याकडेच राहिली.

पैसे कसे गेले ते बघा. चेकिंगचे 300. बोर्ड चिप लेव्हलला, म्हणजे त्यावरची चिप बदलून रिपेअर करायला, द्यायचा म्हणून ॲडव्हान्स 1,800. संध्याकाळी फोन, "मॅडम, आयसी मिळत नाही, बोर्ड डेड आहे, नवीन टाकावा लागेल", त्याचे 6,500. बायोस प्रोग्रामिंग 500, विंडोज 700. जुना बोर्ड स्क्रॅपमध्ये घेतो म्हणून 400 वजा. झाले 9,400. रिपेअर झालंच नाही तर 1,800 परत द्या म्हटलं तर "मेहनत तर झाली ना." पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर लागतील म्हणाला आणि पेमेंट गेलं दुकानाच्या नव्हे तर कुणाच्या तरी खासगी खात्यावर, कारण "दुकानाचा स्कॅनर बंद आहे". हे सगळं मला दिसत होतं. पण 19 तारखेला रात्री नऊ वाजता मशीन सुरू होऊन समोर असताना मी भांडत बसू की रिटर्न भरू? भरली बाराच्या बारा, हे पण सांगते.

अकराव्या दिवसापासून मशीन मध्येच अडकायला लागलं. भाचा कोल्हापूरहून आला होता, त्याने उघडून बघितलं. "नवीन" बोर्डाच्या स्क्रूच्या भोकांभोवती आधीच स्क्रू आवळल्याचे ओरखडे, मागची पोर्टची पत्र्याची प्लेट नाही, 16 जीबीची 8 जीबी रॅम झालेली. मग तो म्हणाला, मावशी जुन्या बोर्डाचा खोका आहे का? होता, माळ्यावर. एप्रिल 2023 ची खरेदी, तीन वर्षांची वॉरंटी. म्हणजे बोर्ड खरंच गेला असता तरी कंपनीने फुकट बदलून दिला असता. खोका आधी काढा, सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाका आणि मगच दुकानाची पायरी चढा.

तशीच दुकानात गेले. काउंटरवर दुसऱ्या कुणाचा कॅबिनेट चालू होता, स्क्रीनवर विंडोज सुरू, आणि मागच्या बाजूला एका यूएसबी पोर्टवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो ठिपका मी लावलाय. माझं डिजिटल सहीचं डीएससी टोकन त्याच एका पोर्टला नीट चालायचं म्हणून खूण केलेली. माझा डेड बोर्ड! मी पर्समधून मोबाईल काढेपर्यंत त्याने कॅबिनेट फिरवून भिंतीला लावला आणि आवाज चढवला, "मॅडम, धंद्याच्या वेळी तमाशा नको."

पोलीस चौकीत दीड तास बसवलं. "ताई, पैसे तुम्ही स्वतःच दिलेत ना? मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर आहे." ठिपक्याचं सांगितलं तर समोरचा हसला. साधा अर्ज घ्या म्हटलं तर साहेब आल्यावर या. साहेब तीन खेपांत भेटले नाहीत. 1930 ला लावला, ते म्हणाले हे ऑनलाईन फसवणुकीसाठी आहे, ते बरोबरच आहे. ग्राहकांच्या एका हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि काही दिवसांनी मेसेज की तक्रार बंद केली आहे. का बंद केली? कुणाला विचारून? परत फोन केला तर नवीन तक्रार करा! बोर्डाच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं बोर्ड आणा, बोर्डाशिवाय वॉरंटी नाही. बोर्डच तर चोरलाय हो, आणू कुठून? प्रत्येक जण बिल मागतो आणि बिल न देणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. टॅक्स भरणाऱ्यांना नोटिसा वेळेवर येतात, ह्या माणसाच्या दारात आजवर कुणी गेलं नसेल.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे अर्ज करतेय. चिठ्ठी आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट एवढाच माझा पुरावा.

नो डिस्प्ले आला की आधी प्लग काढून एकेक रॅम बसवून बघा, स्लॉट बदलून बघा. प्रोसेसरजवळची 8 पिनची वायर सैल नाही ना ते बघा, नुसता फॅन फिरतो म्हणून पॉवर सप्लाय ठीक आहे असं समजू नका. बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदला. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डाला आहे की बोर्डाला तेही बघा. दुकानात देण्याआधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा, बोर्ड आणि रॅमवरच्या स्टिकरचे फोटो त्याच्यासमोर काढा. "शॉर्टिंग" म्हणाला तर मीटर लावून दाखव म्हणा. जुना पार्ट 400 काय 4,000 दिले तरी सोडू नका.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी कुणी सेकंडहँड किंवा रिपेअर केलेला कॅबिनेट आणला असेल तर प्लीज मागची बाजू बघा. कीबोर्डच्या गोल पोर्टखालचा दुसरा यूएसबी, उजव्या कडेला लाल ठिपका. असेल तर त्याचा एक फोटो मला पाठवा.