१६५ हर्ट्झचा मॉनिटर सात महिने वापरल्यानंतर: घोस्टिंगचा पाठलाग

सात महिन्यांपूर्वी मी २७ इंची, २५६० बाय १४४० रिझोल्यूशनचा, वक्र व्हीए पॅनलचा (खोल काळा रंग दाखवणाऱ्या एलसीडी प्रकाराचा) एक गेमिंग मॉनिटर घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत दोन आकडे होते: १६५ हर्ट्झ, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला १६५ वेळा बदलते, आणि १ मिलिसेकंद. जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवरून येत असल्यामुळे माझी अपेक्षा मोठी होती. प्रत्यक्षात पहिल्याच संध्याकाळी खेळात कॅमेरा वळवला की खांब, झाडे आणि धावणाऱ्या आकृत्या यांच्यामागे काळपट शेपूट ओढले जाऊ लागले. परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती आणि त्यांतले नऊ दिवस मी नको तिथे शोध घेण्यात घालवले. मॉनिटर शेवटी ठेवून घेतला, पण तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. ज्याला मी सरसकट घोस्टिंग म्हणत होतो, त्यात चार निरनिराळे दोष एकमेकांवर बसलेले होते आणि एकाचा उपाय केला की दुसरा अधिक ठळकपणे दिसू लागत होता.

त्यांतला पहिला दोष निव्वळ माझा होता. विंडोज नवा मॉनिटर ओळखते, परंतु अनेकदा त्याला ६० हर्ट्झवरच चालू ठेवते, आणि हे तपासायला मला नवव्या दिवशी सुचले. सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यात डिस्प्ले आणि त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले येथे गेल्यावर रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, निवडता येतो. माझ्याकडे तेथे १४४ च्या पुढचा पर्यायच नव्हता. कारण मी जुनीच एचडीएमआय केबल जोडली होती. या मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट २.० प्रकारचे असून त्यावर १४४ पर्यंतच जाता येते, १६५ साठी डिस्प्लेपोर्ट वापरावे लागते, आणि ही माहिती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरील बारीक तक्त्यात दिलेली होती. केबल बदलली, १६५ निवडले, तरी एका खेळात काहीच फरक पडला नाही, तेव्हा लक्षात आले की त्या खेळाच्या स्वतःच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये ६० हर्ट्झ आणि सेकंदाला ६० फ्रेमची, म्हणजे ६० चित्रांची, मर्यादा तशीच राहिली होती. तेव्हापासून मी विंडोजच्या आकड्यावर विसंबत नाही. मॉनिटरच्या मेनूमधील माहितीच्या पानावर प्रत्यक्ष किती हर्ट्झ येत आहेत ते पाहतो. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या एका अपडेटनंतर सेटिंग पुन्हा ६० वर गेली होती आणि ते मला तेथेच कळले.

या एका बदलाने किती फरक पडतो ते साध्या हिशेबातून स्पष्ट होते. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर स्थिर राहते, १६५ हर्ट्झला सुमारे ६.१ मिलिसेकंद. डोळा मात्र सरकत्या वस्तूबरोबर अखंड सरकत असतो, त्यामुळे स्थिर राहिलेले चित्र दृष्टिपटलावर फासले जाते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर साधारण १६ पिक्सेल, १२० वर ८ आणि १६५ वर सुमारे ६ पिक्सेल पुसट दिसते. पॅनल कितीही चपळ असला तरी हा पुसटपणा राहतोच, आणि त्याला घोस्टिंग म्हणणे चूक आहे. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरवर हालचाल इतकी रेखीव का वाटायची याचेही उत्तर येथेच आहे: तेथे प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून लगेच विझत असे.

खरे घोस्टिंग पिक्सेलच्या संथपणामुळे होते. एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला पिक्सेलला ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लागला की आधीच्या चित्राचा अवशेष पुढच्या चित्रात उरतो. यावर मॉनिटरमध्ये ओव्हरड्राइव्हची सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते. माझ्या मेनूत ती रिस्पॉन्स टाइम या नावाखाली चार पायऱ्यांत आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये पिक्सेलला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का दिला जातो, जेणेकरून तो इच्छित छटेकडे लवकर पोहोचेल. धक्का कमी पडला तर शेपूट उरते. जास्त झाला तर पिक्सेल इच्छित छटा ओलांडून पुढे जातो आणि वस्तूच्या मागे फिकट, कधी रंगीत, चमकती कड दिसते. हे उलटे घोस्टिंग मुळातल्या शेपटापेक्षा अधिक खुपते. मी अधीरपणे थेट सर्वांत वरची पायरी निवडली होती आणि दोन दिवस त्या पांढऱ्या कडा पाहून पॅनलच सदोष आहे असे समजत होतो.

योग्य पायरी ठरवण्यासाठी खेळाचा काहीही उपयोग होत नाही, कारण खेळात लक्ष वेधणाऱ्या गोष्टी फार असतात. ब्लर बस्टर्सच्या टेस्ट यूएफओ या चाचणीत उडती तबकडी एकसारख्या वेगाने सरकते. तिच्यामागे नजर फिरवत प्रत्येक पायरी एकेक मिनिट पाहिली की शेपूट कोठे संपते आणि चमकती कड कोठे सुरू होते ते स्पष्ट कळते. पार्श्वभूमीचा रंग बदलून हीच चाचणी पुन्हा करावी, कारण करड्यावर उत्तम दिसणारी पायरी काळ्यावर निकामी ठरू शकते. आणखी एक खबरदारी सांगण्यासारखी आहे. पॅनलमधील द्रवस्फटिक थंडीत मंदावतात, त्यामुळे थंड सकाळी मॉनिटर सुरू केल्याबरोबर घेतलेली चाचणी आणि अर्ध्या तासाने घेतलेली चाचणी यांत मला उघड फरक दिसला. मी आता पडदा तापल्यावरच निर्णय घेतो. १६५ हर्ट्झवर माझ्यासाठी तिसरी पायरी बरोबर ठरली.

येथे प्रश्न सुटला असे मला वाटले होते, आणि पुढचे दोन महिने गोंधळाचे गेले. हलक्या नेमबाजीच्या खेळात सगळे सुरेख दिसे, पण ग्राफिक्सने जड असलेल्या खेळात त्याच तिसऱ्या पायरीवर चमकत्या कडा परत येत. कारण फ्रीसिंकमध्ये दडलेले होते. ही सोय चालू असली की मॉनिटरचा रिफ्रेश रेट ग्राफिक्स कार्डाच्या फ्रेमबरोबर बदलतो, त्यामुळे चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही (या फाटण्याला टेअरिंग म्हणतात). मात्र जड खेळात मला ६० ते ८० फ्रेमच मिळत होत्या, म्हणजे मॉनिटर प्रत्यक्षात ६० ते ८० हर्ट्झवर चालत होता, आणि ओव्हरड्राइव्हचा धक्का मात्र ६ मिलिसेकंदांत काम उरकण्याच्या हिशेबाने दिला जात होता. पुढचे चित्र यायला त्याच्या दुप्पट वेळ लागत असल्याने छटा ओलांडून गेलेला पिक्सेल तेवढा वेळ डोळ्यांसमोर राही. एनव्हिडियाचे स्वतंत्र जी-सिंक मॉड्यूल बसवलेल्या मॉनिटरमध्ये ओव्हरड्राइव्ह रिफ्रेश रेटनुसार बदलतो. माझ्या मॉनिटरमध्ये तशी सोय नाही. विकत घेताना मी हा एकच प्रश्न विचारला असता तर पुढचा बराच त्रास वाचला असता, आणि खरे सांगायचे तर परीक्षणे वाचताना लोक याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात.

यावर मी काढलेला मार्ग साधा आहे. मॉनिटरमध्ये सेटिंग्जचे दोन संच साठवता येतात: एकात ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या पायरीवर, दुसऱ्यात दुसऱ्या पायरीवर. हलक्या खेळाला पहिला, जड खेळाला दुसरा. जड खेळात ग्राफिक्सची प्रत थोडी उतरवून ९० फ्रेमच्या आसपास मर्यादाही घातली, कारण ६० ते ११० अशा उड्या मारणाऱ्या आकड्यापेक्षा स्थिर ९० डोळ्यांना पुष्कळ सुखावह वाटतात. हलक्या खेळात मर्यादा १६० वर ठेवतो; फ्रेम १६५ ला टेकल्या की फ्रीसिंकची कक्षा संपते आणि मग टेअरिंग किंवा व्ही-सिंकचा (पडद्याची पाळी येईपर्यंत फ्रेम थांबवून ठेवणाऱ्या सोयीचा) विलंब यांपैकी एक गोष्ट सोसावी लागते.

फ्रीसिंकचा दुसरा उपद्रव लोडिंगच्या पडद्यावर दिसला. फ्रेमचा आकडा एकदम कोसळला की संपूर्ण पडद्याची उजळता लुकलुकते. या मॉनिटरची फ्रीसिंकची कक्षा ४८ ते १६५ हर्ट्झ आहे. आकडा ४८ च्या खाली गेला की एकच फ्रेम दोनदा दाखवली जाते, त्यामुळे रिफ्रेश रेट अचानक दुप्पट होतो; व्हीए पॅनलची उजळता रिफ्रेश रेटबरोबर किंचित बदलत असल्याने ती उडी गडद दृश्यात लुकलुकीसारखी दिसते. खेळ चालू असताना हे क्वचित घडते. ज्या एका खेळात वारंवार घडत होते, तेथे मी फ्रीसिंक बंद करून टेअरिंग पत्करले.

मग खोक्यावरचा १ मिलिसेकंद कोठे गेला? त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एमपीआरटी असे लिहिलेले होते. तो आकडा पिक्सेल किती लवकर रंग बदलतो याचा नाही. चित्र डोळ्यांना किती वेळ दिसते याचा आहे, आणि तो मिळवण्यासाठी प्रत्येक चित्रामागे बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) क्षणभर लावून विझवावा लागतो. मी ही सोय आठवडाभर चालवून पाहिली. हालचाल खरोखर रेखीव झाली, पण पडदा बराच अंधारला, फ्रीसिंक आपोआप बंद झाले, पडद्याच्या खालच्या पट्टीत प्रत्येक वस्तूची दुहेरी प्रतिमा दिसू लागली आणि तासाभरात डोळे दुखू लागले. ती मी पुन्हा चालू केलेली नाही.

एका प्रसंगात तर दोष मॉनिटरचा नव्हताच. एका खेळात पात्राच्या मागे धुरासारखी रेघ राहत असे आणि कोणत्याही पायरीने ती जात नसे. शेवटी त्या क्षणाचा स्क्रीनशॉट घेतला, तर रेघ स्क्रीनशॉटमध्येही होती. पॅनलचा दोष स्क्रीनशॉटमध्ये कधीच येत नाही, कारण तो चित्र तयार झाल्यानंतर घडतो. म्हणजे ही रेघ खेळानेच काढली होती: टीएए या पद्धतीत कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधील माहिती मिसळली जाते आणि तिचा अवशेष मागे राहतो. ती सेटिंग बदलताच रेघ गेली, कडा मात्र किंचित दातेरी झाल्या. मॉनिटरच्या मेनूत बोटे झिजवण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी करावी.

खेळाव्यतिरिक्तच्या वापरात मी डेस्कटॉप १२० हर्ट्झवर ठेवतो, १६५ वर नाही. ६० फ्रेमचा व्हिडिओ १६५ हर्ट्झवर समान वाटला जात नाही. काही फ्रेम तीनदा, काही दोनदा दाखवल्या जातात आणि कॅमेरा आडवा फिरताना बारीक हिसके जाणवतात. १२० मध्ये २४, ३० आणि ६० हे तिन्ही आकडे पूर्ण बसतात. एवढेच लक्षात ठेवावे लागते की बॉर्डरलेस खिडकीत चालणारा खेळ डेस्कटॉपचाच दर घेतो, म्हणून असा खेळ सुरू करण्याआधी मी १६५ वर येतो.

जे गेले नाही ते म्हणजे गडद छटांमधील शेपूट. गर्द काळ्यातून गडद करड्यात जाताना व्हीए पॅनल फार संथ असतो आणि येथे ओव्हरड्राइव्हही पुरा पडत नाही. अंधाऱ्या गुहेत मशाल घेऊन फिरताना दगडांच्या कडा आजही शाई ओघळल्यासारख्या दिसतात. मेनूमधील ब्लॅक इक्वलायझर दोन अंश वाढवला की पिक्सेल पूर्ण काळे होत नाहीत आणि शेपूट निम्मे होते, पण ज्या खोल काळ्यासाठी व्हीए घ्यायचा तोच फिका पडतो. मित्राचा आयपीएस (एलसीडी पॅनलचा दुसरा एक प्रकार) मॉनिटर शेजारी ठेवून तीच गुहा पाहिली. त्यावर शेपूट जवळजवळ नव्हते, मात्र खोलीतला दिवा मालवल्यावर त्याच्या गुहेचा अंधार राखाडी दिसत होता आणि कोपऱ्यांत उजेड पाझरत होता. तो दिवसभर नेमबाजीच्या स्पर्धा खेळतो, त्याला ते चालते. मी रात्री दिवा मालवून खेळतो, म्हणून इक्वलायझर पुन्हा शून्यावर आणला आहे.